परदेशी पार्सल कोणाच्या हाती द्यावे?

भाद्रपद सरून आश्विन लागला, की पुण्या-मुंबईकडील ज्या घरांतली मुले किंवा नातवंडे अमेरिकेत, इंग्लंडात, आखातात अथवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली आहेत, त्या घरांतून एक प्रश्न हटकून डोके वर काढतो, आणि तो म्हणजे फराळाचे डबे, नव्या सुनेची पैठणी, आजोबांची जुनी पुस्तके आणि मधेच कोठेतरी खुपसलेली मेतकुटाची पुडी, ही सारी चीजवस्तू सरकारी टपालाने धाडावी की खासगी कुरिअरच्या स्वाधीन करावी? टपाल स्वस्त पण संथ आणि कुरिअर महाग पण जलद, असे त्याचे सर्वत्र रूढ झालेले उत्तर आहे. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे; कारण दर आणि वेग या दोहोंच्याही मुळाशी एक निराळीच गोष्ट आहे, आणि ती ही, की पार्सलाचा ताबा कोण, कोणत्या नात्याने आणि कोठपर्यंत घेतो. टपालखाते आपले पुडके एका आंतरराष्ट्रीय तहाच्या आधारे स्वीकारते आणि सरहद्दीपाशी ते दुसऱ्या राज्याच्या टपालखात्याला सुपूर्द करून मोकळे होते. कुरिअर कंपनी ते एका व्यापारी कराराने स्वीकारते आणि सरहद्द ओलांडल्यावरही त्याचे ओझे स्वतःच्याच शिरावर बाळगते. एवढा भेद ध्यानात आला, म्हणजे बाकीच्या पुष्कळशा गोष्टींचा उलगडा त्यातूनच होतो.

टपालाच्या बाजूची हकीकत दीडशे वर्षांची आहे आणि ती थोडी तपशिलाने सांगण्याजोगी आहे. 1874 च्या पूर्वी एका देशातून दुसऱ्या देशात पत्र धाडावयाचे, तर त्या दोन देशांमध्ये स्वतंत्र करार असावा लागे, वाटेत तिसरे राज्य आले तर त्याचे हशील निराळे द्यावे लागे, आणि एकाच गावी जाणाऱ्या एकाच वजनाच्या पत्राचे हशील ते कोणत्या मार्गाने जाते यावर कमीजास्त होई. जर्मन टपालखात्याचा प्रमुख हाइनरिख फॉन श्टेफान याच्या खटपटीने स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी परिषद भरली, आणि 9 ऑक्टोबर 1874 रोजी बावीस राष्ट्रांनी असा तह केला, की टपालापुरते सर्व सभासद देश मिळून एकच प्रदेश समजावा. हिंदुस्थान 1 जुलै 1876 पासून या संघात सामील आहे. म्हणजे आपल्या देशाला स्वतःचे सरकार मिळण्याच्या एकाहत्तर वर्षे आधी आपल्या टपालाला जगाच्या पंगतीत पाट मिळालेला होता. आज जागतिक टपाल संघ संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली काम करतो, त्याची कचेरी अद्यापि बर्नलाच आहे, आणि त्याच्या सभासदांची संख्या 192 आहे.

या तहाचा जो आर्थिक पाया होता, तो मोठा गमतीचा आहे. ज्या देशात तिकीट लागले, त्यानेच सारे हशील ठेवून घ्यावे आणि येणारे पत्र दुसऱ्या देशाने फुकट वाटावे, असा नियम होता. त्यामागचा तर्क असा, की प्रत्येक पत्राला उत्तर जातेच, तेव्हा हिशेब शेवटी बरोबरीत सुटतो. पार्सलांना हा उदार न्याय कधीच लागू नव्हता, कारण पार्सलाला उलट पार्सल येतेच असे नाही, हे त्या मुत्सद्द्यांना पक्के ठाऊक होते. पत्रांच्या बाबतीतही तो तर्क पुढे टिकला नाही, आणि 1969 च्या टोकियो परिषदेने येणाऱ्या टपालाच्या वाटपाचा खर्च पाठवणाऱ्या देशाने भरावा, असा ठराव केला. ‘टर्मिनल ड्यूज’ या नावाने ओळखली जाणारी ही देणी पत्रांबरोबरच दोन किलोपर्यंतच्या छोट्या पाकिटांनाही लागू असल्यामुळे, व्यापारी माल पाकिटांतून वाहू लागताच त्यांवरून देशादेशांत तंटे माजले. अमेरिकेने तर 2018 मध्ये संघातून बाहेर पडण्याची नोटीसच दिली, आणि 2019 च्या सप्टेंबरात जिनिव्हा येथे खास परिषद भरवून तिची समजूत घालावी लागली. टपाल खिडकीवरचा कारकून आपल्याला जो दर सांगतो, त्यात विमानाचे भाडे तर असतेच, पण असल्या तहांचा आणि तंट्यांचाही अंश असतो.

या व्यवस्थेतून पार्सल पाठवणाऱ्याच्या दृष्टीने एक महत्त्वाचा परिणाम निघतो. जुन्या काळचा हरकारा आपल्या टप्प्यापर्यंत धावून थैली पुढच्या हरकाऱ्याच्या हाती देई आणि मागे वळे, त्याच रीतीने आपले टपालखाते मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधील विदेश डाकघरात जकातीचा सोपस्कार उरकून थैली विमानात चढवते, आणि पुढे न्यूयॉर्कला किंवा लंडनला उतरल्यावर ती थैली परक्या टपालखात्याची होते. (शेजारच्याच बॅलार्ड पिअरवर एके काळी विलायतेची डाक आगबोटीतून उतरून फ्राँटियर मेल या आगगाडीत चढत असे, जागेची निवड उगाच झालेली नाही.) पार्सल तिकडे अडले, तर तिकडच्या खात्याशी आपला कसलाही करार नसल्यामुळे ते आपल्याला उत्तर देण्यास बांधलेले नाही, तक्रार पाठवणाऱ्याने आपल्याच टपाल कचेरीत नोंदवावयाची, तीही रवानगीपासून सहा महिन्यांच्या मुदतीत, आणि मग एक खाते दुसऱ्या खात्याला विचारणा करणार, असा तो क्रम आहे. ज्याच्याजवळ धीर आहे आणि ज्याने पावती जपून ठेवली आहे, त्याला या मार्गाने न्याय मिळतो. ज्याने पावती दिवाळीच्या केरात घालवली, त्याने या मार्गाला जाऊच नये.

त्या पावतीवरचा क्रमांक मात्र जवळून पाहण्यासारखा असतो. तेरा चिन्हांचा हा क्रमांक जगभर एकाच साच्याचा आहे: आरंभी दोन रोमन अक्षरे, मध्ये नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरे. पहिले अक्षर ‘ई’ असेल तर ते स्पीड पोस्टाच्या जातीचे, ‘आर’ असेल तर रजिस्टर, ‘सी’ असेल तर पार्सल. आणि अखेरीस ‘आयएन’ असले, की ते भारतातून निघाले. नऊ अंकांपैकी नववा हा क्रमांक नसून पहारेकरी आहे. पहिल्या आठ अंकांना अनुक्रमे 8, 6, 4, 2, 3, 5, 9 आणि 7 यांनी गुणून बेरीज करावी, बेरजेला 11 ने भागावे, आणि जी बाकी उरेल ती 11 मधून वजा करावी. येईल तो नववा अंक; मात्र 10 आले तर 0 आणि 11 आले तर 5 धरावयाचा. 12345678 या आठ अंकांची अशी बेरीज 204 होते, 11 ने भागता बाकी 6 उरते, म्हणून नववा अंक 5 असला पाहिजे. कारकुनाच्या हातून एखादा अंक चुकीचा पडला किंवा दोन शेजारचे अंक उलटेपालटे झाले, तर हा हिशेब सहसा जुळत नाही आणि यंत्र तत्काळ कुरकुरते. या एकाच साच्यामुळे आपले पार्सल परक्या देशाच्या टपालखात्याच्या संकेतस्थळावरही त्याच क्रमांकाने शोधता येते, आणि भारतीय संकेतस्थळ मौन धरून बसले असता पुष्कळदा तिकडूनच खबर लागते.

आता कुरिअरकडे वळू. टपालाचा जन्म पत्रासाठी झाला, तसा कुरिअरचा जन्म जकातीच्या कागदांसाठी झाला, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. 1969 मध्ये डाल्सी, हिलब्लॉम आणि लिन या तिघांनी सॅनफ्रान्सिस्कोत जी कंपनी काढली आणि जिला त्यांच्या आद्याक्षरांवरून डीएचएल हे नाव पडले, तिचा मूळ धंदा असा, की होनोलुलूला निघालेल्या जहाजावरील मालाचे दस्तऐवज विमानाने पुढे न्यावयाचे, म्हणजे जहाज बंदराला लागण्यापूर्वीच जकातीचे काम उरकून माल धक्क्यावर खोळंबत नाही. पुढे 1973 च्या एप्रिलमध्ये फेडरल एक्स्प्रेसने मेम्फिस येथून आपला कारभार सुरू केला. पहिल्या रात्री चौदा लहान विमाने होती आणि पुडकी अवघी 186. सारी पुडकी रात्री एकाच गावी आणावयाची, तेथे निवडावयाची आणि पहाटे पुन्हा चहूकडे उडवावयाची, ही त्या कंपनीची युक्ती आज सर्वच मोठ्या कुरिअर कंपन्या वापरतात.

कुरिअरची खरी करामत, माझ्या मते, विमानांत नसून जकातदारासमोर उभ्या राहणाऱ्या तिच्या मुनिमात आहे. टपालाचे पार्सल परदेशी पोहोचले, की तेथील टपालखाते ते जकातदाराच्या पुढ्यात ठेवते आणि चिकटवलेल्या सीएन 22 किंवा सीएन 23 या छापील कबुलीपत्रावर जे लिहिले असेल, तेवढाच त्याचा बचाव असतो. कुरिअरचे विमान मात्र अजून आकाशात असतानाच कंपनीचा जकात-दलाल मालाची यादी तिकडच्या सरकारला धाडतो, शंका निघाली तर दूरध्वनीवर तिचे निरसन करतो, आणि जकात बसली तर ती पदरची भरून माल सोडवतो. ही मुनीमगिरी फुकट होत नाही: पदरच्या भरलेल्या जकातीवर कंपनी आपली दस्तुरी लावते आणि ती मुलीच्या किंवा भाच्याच्या दारात वसूल करते, असे अनेकदा घडते, आणि मग आईने प्रेमाने पाठवलेल्या चिवड्यासाठी लेकीला हात खिशात घालावा लागतो. जकात पाठवणाराच भरणार की घेणारा, हे पार्सल देतानाच विचारून बिलावर लिहून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना केल्यावाचून पुढे जाता येत नाही. दादर, ठाणे, कोथरूड अशा भागांतून दिवाळीच्या सुमारास किलोच्या भावाची पाटी लावणारे जे कुरिअरवाले दिसतात, ते बहुधा स्वतः कोणत्याही विमानाचे धनी नसतात. ते गिऱ्हाइकांची पुडकी एकत्र करून मोठ्या कंपनीला घाऊक दराने देतात आणि मधला फरक हा त्यांचा नफा असतो. त्यात गैर काहीच नाही, किंबहुना सामान्य गिऱ्हाइकाला कंपनीच्या छापील दरापेक्षा त्यांचाच दर पुष्कळ परवडतो. परंतु कुरिअरचा जो मुख्य गुण, म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत एकच जबाबदार हात, तोच या व्यवहारात पातळ होतो. कंपनीच्या दफ्तरी पाठवणारा म्हणून दलालाचे नाव असते आणि आपले नसते, तेव्हा कंपनीकडे दाद मागण्याचा हक्कही त्याचाच. पुडके कोणत्या कंपनीच्या कोणत्या क्रमांकाने जाणार आहे, हे जो दलाल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सांगत नाही, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

वजनाच्या बाबतीत दोन्हीकडचा न्याय निराळा आहे, आणि फराळ धाडणाऱ्यांना तो विशेष जाचतो. टपालाच्या खिडकीवर परंपरेने तराजूचा काटा प्रमाण मानला जातो. कुरिअर कंपन्या मात्र विमानातली जागा विकत असल्यामुळे खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला साधारणपणे 5000 ने भागतात, आणि हे घनवजन काट्यावरच्या वजनाहून जास्त भरले तर त्याचेच पैसे घेतात. चाळीस सेंटिमीटरचे चौकोनी खोके या हिशेबाने 12.8 किलोचे ठरते, मग त्यात पोह्यांचा चिवडा, शेव आणि चकल्या मिळून सहा किलो का असेनात. याच्या उलट पितळी समई, पाटा-वरवंट्याचा जोड किंवा ज्ञानकोशाचे खंड असले, म्हणजे घनवजन काट्याच्या खालीच राहते आणि कंपनी निमूटपणे काटा वाचते. चिवडा घट्ट पिशव्यांत भरून, हवा काढून, खोके चार-पाच सेंटिमीटरने आखूड निवडणारी गृहिणी हशिलात जी बचत करते, ती कोणत्याही सवलतीच्या जाहिरातीहून मोठी असते.

पण वजनाहूनही जास्त अडचण करतात त्या आतल्या जिनसा, आणि येथे टपाल व कुरिअर यांत डावे-उजवे राहत नाही, कारण कायदा दोघांनाही सारखाच आहे. अनारशाच्या एका अंगाला जी खसखस लावलेली असते, ती संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात अफूच्या झाडाचे बी म्हणून निषिद्ध आहे. दुबईच्या मुलाला अनारसे धाडणाऱ्या आईच्या स्वप्नातही येणार नाही, की या चिमूटभर बियांपायी तो पोलिसांच्या तावडीत सापडू शकतो. करंजीच्या सारणातली खसखसही त्याच न्यायाने वगळावी. पूजेच्या सामानात घातलेला कापूर हा ज्वालाग्राही घन पदार्थ असल्याने विमानाच्या सामान्य टपालातून जाऊ शकत नाही, आणि अत्तराच्या कुपीची किंवा पॉवर बँकेचीही तीच गत आहे. दुधाचे पेढे आणि बर्फी ऑस्ट्रेलियाच्या जैवसुरक्षा खात्यास मान्य नाहीत. अमेरिकेचा नियम मात्र ऐकून मौज वाटेल: 2002 च्या कायद्यान्वये तेथे येणाऱ्या खाद्यपदार्थाची आगाऊ सूचना अन्न व औषध प्रशासनाला द्यावी लागते, परंतु एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरी केलेला आणि दुसऱ्या व्यक्तीस भेट म्हणून धाडलेला पदार्थ तिच्यातून मुक्त आहे. म्हणजे आईच्या हातच्या चकलीला सूट आणि दुकानातल्या चकलीला अर्ज! कबुलीपत्रावर ‘खाद्यपदार्थ’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘घरी केलेली तांदळाची चकली, भेट’ असे स्वच्छ इंग्रजीत लिहावे, ते याचसाठी.

भेटीच्या किमतीलाही देशागणिक मर्यादा आहे. इंग्लंडात 39 पौंडांपर्यंतची आणि युरोपीय संघात 45 युरोपर्यंतची खासगी भेट करमुक्त सुटते. अमेरिकेत बरीच वर्षे 800 डॉलरपर्यंतच्या मालाला जकातच नव्हती, आणि त्या सुखाची आपल्या लोकांना इतकी सवय झाली होती, की 2025 च्या जुलै अखेरीस निघालेल्या एका हुकुमाने ती सूट 29 ऑगस्टपासून काढून घेतली, तेव्हा पुष्कळांचे डोळे पांढरे झाले. त्या प्रसंगी टपाल आणि कुरिअर यांचा मूळ भेद जेवढा उघड झाला, तेवढा पूर्वी कधी झाला नसेल. टपालखात्याकडे परक्या सरकारची जकात आगाऊ गोळा करण्याची यंत्रणाच नव्हती, विमान कंपन्या थैल्या घेण्यास कचरू लागल्या, आणि भारतीय टपालाने 25 ऑगस्टपासून अमेरिकेचे बहुतेक टपाल व महिनाअखेर सगळेच टपाल थांबवले. कुरिअर कंपन्यांचे दलाल जकातदारासमोर आधीच बसलेले असल्यामुळे त्यांचे काम महागले, पण थांबले नाही. टपाल पुन्हा सुरू झाले ते 15 ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळीला आठवडाही उरला नसताना. आणि तेव्हा जाहीर झालेली जकात घोषित किमतीच्या सरसकट निम्मी असून ती येथेच, खिडकीवर भरावयाची होती. त्यातही एक उलटा चमत्कार होता: कुरिअरने जाणाऱ्या मालावर जिनसेप्रमाणे जी आणखी मूळ जकात बसे, ती टपालाच्या मालावर बसत नव्हती. असले दर राजकारणाच्या वाऱ्याबरोबर फिरतात, तेव्हा अमेरिकेचे पार्सल बांधण्यापूर्वी त्या आठवड्याचा दर विचारून घेणे बरे.

या सर्वांवरून मला जो निवाडा करावासा वाटतो, तो सरसकट एका बाजूचा नाही. पदवीची प्रमाणपत्रे, पारपत्र, विद्यापीठाच्या मुदतीचे अर्ज, मूळ दस्तऐवज हे कुरिअरनेच जावेत, कारण तेथे आपण पैसे वेगासाठी मोजत नसून एका उत्तरदायी हातासाठी मोजतो. महाग साडी किंवा चांदीचे ताट धाडावयाचे, तर खरी किंमत लिहून विमा उतरवावा. जकात चुकवण्यासाठी दहा हजारांच्या वस्तूपुढे पाचशे लिहिणाऱ्याला ती हरवली असता पाचशेच मिळतात, आणि ते त्याने स्वहस्ते कबूल केलेले असतात. दोन किलोच्या आतले छोटे पाकीट, घाई नसलेली पुस्तके, आणि अमेरिकेतील पोस्ट बॉक्सचा पत्ता असलेले काहीही टपालाने धाडावे. पोस्ट बॉक्स ही तिकडच्या टपालखात्याची स्वतःची पेटी असून कुरिअरच्या माणसाला तेथे प्रवेश नाही. घरगुती मसाले किंवा हस्तकलेच्या वस्तू परदेशी विकणाऱ्या लहान उद्योगांसाठी टपालखात्याने 2022 पासून डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत, आणि ज्यांना घाऊक कुरिअरदर मिळण्याइतका माल नाही, त्यांनी ती अवश्य पाहावीत. फराळाचा निर्णय मात्र घरोघर वेगळा असणार: पंधरवडा हाताशी असेल आणि डबा जड असेल तर टपाल, धनत्रयोदशी चार-पाच दिवसांवर आली असेल तर कुरिअर. दोहोंच्याही खोक्यावर घेणाऱ्याचा तिकडचा दूरध्वनी क्रमांक ठळक लिहिलेला असावा; जकातीची शंका आणि दारातला शिपाई, दोघेही त्यालाच शोधतात.

उलट दिशेने, म्हणजे परदेशातून आपल्याकडे भेट मागवणाऱ्यांसाठीही एक बारीकशी तरतूद आहे. पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतची भेट टपालाने किंवा कुरिअरने विनाजकात येत असे. डिसेंबर 2019 मध्ये सरकारने ती सवलत बंद केली आणि अशी भेट पूर्ण जकात भरूनच घ्यावी, असे ठरवले. या कडक हुकुमातून दोनच गोष्टी वगळल्या: जीवरक्षक औषधे आणि राखी. हुकूम लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला आपल्या लोकांची ओळख चांगलीच असावी, कारण त्याने राखीपुढे लगेच असेही नमूद करून ठेवले आहे, की राखीसोबत येणाऱ्या भेटवस्तूला ही सवलत लागू नाही.